मानसशास्त्राचें पहिलें पुस्तक

शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन कलाशाखेकडे वळलेले आमचे माजी विद्यार्थी पावसाळ्याच्या आरंभीं भेटीस येतात. त्यांपैकीं एखाद्यानें तरी मानसशास्त्र हा विषय घेतलेला असतो. शाळेंत या विषयाचा गंधही लागत नाहीं. तेव्हां अकरावींत हातीं पडणारें पुस्तक हेंच त्याचें पहिलें दर्शन होय. तें पुस्तक कसें पारखावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

गेल्या वर्षीं असाच एक विद्यार्थी भेटावयास आला. त्याच्या हातांत परीक्षेच्या तयारीचें एक मार्गदर्शक होतें. मीं तें सहज चाळलें, तों बुद्धिमापनाच्या प्रकरणांत एक कोष्टक दिसलें. १३० च्या वर असामान्य, ७० च्या खालीं मंदबुद्धि, आणि मध्यें उतरत्या पायऱ्या. सर्वांत खालच्या ओळीसमोर पेन्सिलीनें एक नांव लिहिलेलें होतें. तें नांव त्याच्या धाकट्या भावाचें! भाऊ गणितांत मागें पडतो, इतकाच त्याचा अपराध. "याची चाचणी कोणीं घेतली?" असें मीं विचारलें. "कोणींच नाहीं, सर, पुस्तकावरून कळतें," असें उत्तर मिळालें.

मला त्या मुलाचा राग आला नाहीं, पुस्तकाचा आला. रसायनशास्त्राचें पुस्तक अर्धवट समजलें, तर फार तर परीक्षानळी फुटते. मानसशास्त्राचें पुस्तक वाचणारा मुलगा मात्र त्याच रात्रीं जेवतांना आईवडिलांवर आणि भावंडांवर त्याचे प्रयोग सुरू करतो. म्हणून या विषयाच्या लेखकावर इतरांहून अधिक जबाबदारी येते.

त्या कोष्टकाच्या आधीं दोन पानें इतिहास दिला असता, तर तें नांव तेथें लिहिलें गेलें नसतें, असें मला वाटतें. आल्फ्रेड बीने यानें सिमाँ याच्या साहाय्यानें १९०५ सालीं पॅरिसमध्यें आपली मापनश्रेणी रचली, ती शाळेंत मागें पडणारीं मुलें वेळींच ओळखून त्यांना विशेष साहाय्य देतां यावें म्हणून. बुद्धि ही जन्मजात ठरलेली, कधींही न वाढणारी वस्तु आहे, हें मत त्याला मुळींच मान्य नव्हतें. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानें भागण्याची युक्ति विल्यम स्टर्न यानें १९१२ सालीं सुचविली; बीने त्याच्या आदल्याच वर्षीं वारला होता. म्हणजे ज्या आंकड्याशीं त्याचें नांव सर्वत्र जोडलें जातें, तो आंकडा त्यानें पाहिलाही नाहीं.

आणि आपल्याकडील गोष्ट तर बहुतेक मार्गदर्शकांत सांपडतच नाहीं. डॉ. वि. वि. कामत यांनीं मुंबई इलाख्यांतील मराठी व कानडी मुलांसाठीं बीनेच्या चाचणीचें रूपांतर केलें. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं ऑक्सफर्डनें प्रसिद्ध केला. बीनेच्या चाचणींत नाणीं ओळखण्याचा प्रश्न आहे. पॅरिसमधील नाणीं इकडच्या मुलापुढें ठेवून त्याची बुद्धि कशी मोजणार? प्रश्न बदलावे लागतात, त्यांचा क्रम पुन्हा ठरवावा लागतो, सुमारें हजार मुलांपुढें ते मांडून पाहावे लागतात. हें परिश्रम विद्यार्थ्याला दाखविले, म्हणजे आंकडा हा आकाशांतून पडत नसून माणसेंच तो तयार करतात, हें त्याला उमगतें.

दुसरी परीक्षा अशी कीं, पुस्तक आपल्या चुका कबूल करतें कीं नाहीं? १९६४ सालीं न्यूयॉर्कमध्यें किटी जेनोव्हीझ नांवाच्या तरुणीचा खून झाला. अडतीस जणांनीं तो पाहिला आणि एकानेंही पोलिसांना कळविलें नाहीं, ही वर्तमानपत्रांतील कथा पाठ्यपुस्तकांनीं वर्षानुवर्षें छापली. ती पुराव्यास उतरत नाहीं, असें २००७ सालीं मानसशास्त्रज्ञांनींच दाखवून दिलें. पुढें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयत्नांत शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हां जेमतेम छत्तीस टक्के प्रयोगांत पूर्वींसारखा ठळक निष्कर्ष मिळाला. हें वाचून शास्त्रावरील श्रद्धा उडेल, अशी भीति कांहीं शिक्षकांस वाटते. माझा अनुभव उलट आहे. मुलें अशा वेळींच कान टवकारतात.

प्रयोगासाठीं तरी दूर जाण्याचें काय कारण? जुहूच्या मुलानें पौर्णिमेनंतरच्या पहाटे समुद्रावर जावें. मावळतीचा चंद्र केवढा थोरला दिसतो! मग कागदाची बारीक नळी करून तिच्यांतून त्याच्याकडे पाहावें. थोरपण बरेंचसें ओसरतें. छायाचित्र घेतलें तरी बिंब मध्यरात्रीच्या चंद्राहून मोठें भरत नाहीं. असें कां दिसतें, यावर विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं. पुस्तकांतील दोन रेषांची आकृति पाठ करण्यापेक्षां ही पहाट विद्यार्थ्याला संवेदनाविषयीं अधिक शिकवील, यांत मला शंका नाहीं.

आतां भाषेविषयीं. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचें एक आवार आपल्या जुहूंतच आहे. उच्च शिक्षणही मातृभाषेंतून द्यावें, हा त्यांचा आग्रह होता. पण मातृभाषा म्हणजे इंग्रजी वाक्यावर चढविलेला संस्कृत शब्दांचा साज नव्हे. 'अवधान' हा शब्द ज्ञानेश्वरीपासून आपला आहे. तो जरूर वापरावा. मात्र 'लक्ष लागत नाहीं' या रोजच्या तक्रारीशीं त्याची एकदां गांठ घालून द्यावी. 'अभिसंधान' हा शब्द पाहून मुलें दचकतात. मधल्या सुट्टीची घंटा होतांच तोंडाला पाणी सुटतें, तेंच पाव्हलोव्हच्या कुत्र्यांचें झालें, असें सांगितलें कीं वर्ग हंसतो आणि विसरत नाहीं.

बालभारतीनें २०१९ सालीं अकरावीचें व २०२० सालीं बारावीचें पुस्तक नव्यानें काढलें. तीं मराठींतही निघालीं. त्यांत विद्यार्थ्यांनीं स्वतः करावयाच्या कृतींना जागा दिली, ही समाधानाची गोष्ट होय. तीं लहान आहेत, ही तक्रार मला पटत नाहीं. विल्यम जेम्स यानें बारा वर्षें खपून १८९० सालीं दोन जाडे खंड लिहिले, आणि दोनच वर्षांनीं विद्यार्थ्यांसाठीं त्यांचा संक्षेप केला. मार्गदर्शकांचा संक्षेप मात्र निराळा. तीं कृति आणि इतिहास गाळतात आणि कोष्टकें तेवढीं ठेवतात.

तेव्हां पुस्तकें घेण्यास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं दुकानांत उभ्याउभ्याच बुद्धिमापनाचें प्रकरण उघडावें, आणि चाचणी कोणीं, कोणत्या मुलांसाठीं, कशाकरितां केली, हें कोष्टकाच्या आधीं सांगितलें आहे कीं नाहीं तें पाहावें. सांगितलें नसेल, तर पुस्तक परत फळीवर ठेवावें.