दुष्काळाला पुरून उरणारी रानटी नाशपाती संपत का चालली आहे?

२०२१ च्या उन्हाळ्यात मध्य आशियात तीव्र दुष्काळ पडला. कझाकस्तानात चाऱ्याअभावी जनावरं मेली, किर्गिझस्तानात शेतीला पाणी कमी पडलं. याच प्रदेशातल्या डोंगरांत कमी पाण्यावर जगणारं एक फळझाड आहे, बुखारा नाशपाती. पण हे झाडच आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

हे झाड नेमकं कुठे वाढतं?

मुख्यतः ताजिकिस्तान, उझबेकिस्तान आणि किर्गिझस्तानच्या कोरड्या डोंगरउतारांवर. तिथल्या जंगलांत अक्रोड, बदाम, पिस्ता ही झाडंही आपोआप उगवतात. पायरस कोर्शिन्स्की हे या नाशपातीचं शास्त्रीय नाव. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने तिला 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं आहे. त्यापुढची पायरी म्हणजे निसर्गातून नाहीसं होणं.

मग धोका कशाचा?

मोठं झाड कोरडं वर्ष काढतं, पण कोवळं रोप गुरांच्या तोंडून वाचत नाही. चराई आणि गवतकापणीत नवी रोपं जातात. फळं खाण्यासाठी आणि बाजारात विकण्यासाठी गोळा होतात, त्यामुळे रुजायला बिया कमी उरतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटल्यावर स्वस्त इंधन बंद झालं आणि सरपणासाठी जंगलावरचा ताण वाढला. थोडक्यात, जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांची जागा घेणारी पुढची पिढी नाही.

एक रानटी झाड गेलं तर काय बिघडलं?

नाशपातीची बाग बियांपासून लावत नाहीत. एका झाडाच्या खुंटावर हव्या त्या जातीचं कलम बांधतात. पाण्याचा ताण आणि जमिनीतले रोग आधी सोसतो तो खुंट. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या बागांमधला 'डॉगरीज' खुंट मूळचा अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या रानटी वेलीचा. ती वेल रानात टिकली, म्हणून इथे कामाला आली. बुखारा नाशपातीचंही तसंच मोल आहे.

उपाय काय?

बिया शीतगृहात जपता येतात, पण बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं रानातच घडतं. त्यासाठी रोपं मोठी होईपर्यंत काही उतार चराईपासून मोकळे ठेवावे लागतील. मात्र त्याच उतारांवर तिथल्या गावकऱ्यांची गुरं आणि चूल चालते. त्यांना चारा आणि इंधनाची दुसरी सोय मिळाली नाही, तर नुसतं कुंपण फार दिवस टिकणार नाही.