मानवशास्त्राचा पहिला धडा

वऱ्हाडच्या महाविद्यालयांत मानवशास्त्राची तोंडओळख व्हायची ती बहुधा समाजशास्त्राच्या पुस्तकातील ‘आदिवासी समाज’ या प्रकरणातून होते. वस्ती, पेहराव, विवाहपद्धती, देवदेवता असे मथळे, आणि प्रत्येकाखाली पाठ करण्याजोगे चार मुद्दे. पुढे स्पर्धा परीक्षेसाठी हाच विषय घेणारा तरुणही तेवढेच टिपण विस्तारून पाठ करतो. धारणीचा कोरकू विद्यार्थी त्याच बाकावर बसलेला असतो. आपल्या आजीच्या लग्नाची रीत ही पाच गुणांची टीप आहे, हे त्याला तेथे प्रथमच कळते!

या पद्धतीचे कुळ जुने आहे. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंड 1916 साली प्रसिद्ध झाले. त्यांतील माहितीचा साठा मोठा आहे आणि अभ्यासकाला तो टाळता येत नाही. परंतु रसेल हे सनदी अधिकारी होते आणि प्रजेची ओळख सरकारदरबारी नोंदवून ठेवावी, ही त्या काळच्या राज्यकारभाराची गरज होती. अशा ओळखीतून काय निपजते, हे पारध्यांना विचारावे. 1871 च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी केली, त्यांच्यावरील तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला. पोलीस ठाण्यांतून तो पुसला गेला असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून हे शास्त्रच साम्राज्यशाहीचे अपत्य समजून टाकून द्यावे, असे चळवळीतील काहीजण म्हणतात. तो उतावळेपणा होईल. त्याच 1916 मध्ये, 9 मे रोजी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. मग नवरा वा बायको मागे उरल्यास जातीबाहेरच्या विवाहाचा धोका निर्माण होतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तो धोका टाळण्याची साधने होत, अशी त्यांची मांडणी होती. चालीरीतींची यादी तेथे संपते आणि ‘हे कशासाठी?’ हा प्रश्न सुरू होतो.

प्रथम वर्षाचा आरंभ या निबंधाने व्हावा. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याने पहिले क्षेत्रकार्य चिखलदऱ्याच्या सहलीत न करता स्वतःच्या घरात करावे. चार पिढ्यांची वंशावळ काढावी, कोणाची सोयरीक कोठे झाली ते लिहावे, आजीला किती शेत मिळाले ते विचारावे. रविवारच्या वर्तमानपत्रातील वधू-वर जाहिराती मोजाव्यात. पाटलाच्या मुलाला आणि बौद्धवाड्यातील मुलीला एकाच तक्त्यावर काम करावे लागले, तर पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हा भेद वर्गातच ढासळू लागेल.

त्यानंतर मेळघाटात खुशाल जावे, पण दोन दिवसांसाठी नव्हे. मॅलिनोव्स्की ट्रोब्रियांड बेटांवर दीर्घकाळ राहिला, तेथील भाषा शिकला, हे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. ‘कोरकू’ या नावाचा अर्थच मुळी ‘माणसे’ असा आहे. ती शिकण्याचे कष्ट न घेता कोरकूंवर लिहिणे हा या शास्त्राशीच अप्रामाणिकपणा होय.

यात केवळ गुणपत्रिका गुंतलेली नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठवून अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात वसविलेली कोरकू कुटुंबे, जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत अशी तक्रार करीत जानेवारी 2019 मध्ये जुन्या गावांकडे परतली, तेव्हा शासकीय यंत्रणेशी त्यांचा हिंसक संघर्ष झाला. गाव म्हणजे घरांची संख्या आणि भरपाईची रक्कम एवढेच ज्यांना शिकविले गेले, त्यांच्या हाती पुनर्वसनाची कागदपत्रे होती. अशा कागदांवर उद्या सह्या करणारे तरुण आज याच महाविद्यालयांत प्रथम वर्षाला बसले आहेत, आणि ज्यांची गावे उठणार त्यांची मुलेही तेथेच आहेत.