शशी गोडबोलेचे लाडू आणि मीरा रोडची मिठाई

मिठाईचा आणि भाषेचा संबंध काय, असे कोणी विचारले तर दोन उत्तरे देता येतील. एक सिनेमातले आहे, दुसरे काशीमीरा पोलीस ठाण्यातले. पहिले गोड असल्यामुळे आधी तेच सांगतो.

‘इंग्लिश विंग्लिश’ हा पुण्याच्या गौरी शिंदे यांचा पहिला चित्रपट. तो २०१२ साली आला. शशी गोडबोले ही पुण्यातली गृहिणी घरी लाडू वळून विकते. लाडवांना मागणी भरपूर, पण इंग्रजी येत नाही म्हणून घरात तिची किंमत बेताची. ‘जॅझ’चा उच्चार चुकला की मुलगी हसते आणि नवराही त्या हसण्यात सामील होतो. भाचीच्या लग्नासाठी शशी एकटी न्यूयॉर्कला जाते. तिथे एका कॉफीच्या दुकानात काउंटरवरची बाई तिला इतकी फटकारते की ती रडत बाहेर पडते. हात कोणी उगारत नाही, शिवीही देत नाही. रांग खोळंबली आहे आणि या बाईला साधी कॉफी मागता येत नाही, एवढेच काय ते. श्रीदेवीने तो प्रसंग असा केला आहे की बघणाऱ्याला आपल्याच आईची आठवण व्हावी. शिंदे यांनाही हा सिनेमा आईवरूनच सुचला. त्यांच्या आईचा पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय होता.

मग शशी घरात कोणाला न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागते. त्या वर्गात एक फ्रेंच स्वयंपाकी आहे, पाकिस्तानी टॅक्सीवाला आहे, तमिळ इंजिनीअर आहे, मुले सांभाळणारी मेक्सिकन बाई आहे. एकालाही धड इंग्रजी येत नाही, आणि म्हणूनच तिथे कोणी कोणाला हसत नाही. एका प्रसंगात तो फ्रेंच स्वयंपाकी फ्रेंचमध्ये मन मोकळे करतो आणि शशी हिंदीत. शब्द एकालाही कळत नाहीत, तरी दोघांना हलके वाटते.

एक गोष्ट मात्र मराठी प्रेक्षक म्हणून मला खटकली, ती सांगूनच टाकतो. पुण्यातले हे गोडबोले कुटुंब घरात हिंदी बोलते. शेवटी विमानात शशी हवाईसुंदरीकडे चक्क इंग्रजीतून वर्तमानपत्र मागते, आणि तेही हिंदी! धंद्याचे गणित कळते. हिंदी सिनेमा हिंदीतच बोलणार. पण इंग्रजीपुढे खाली मान घालणारी आपली भाषा या कथेत हिंदीपुढेही गप्प बसते, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता दुसरे उत्तर. २०२५च्या जूनअखेरीस मीरा रोडला एका मिठाईच्या दुकानदाराने ‘मराठी का बोलायचे?’ असे विचारले, आणि मनसेच्या कार्यकर्त्यांनी त्याला थपडा मारल्या. त्याची चित्रफीत घरोघरी पोचली. काशीमीरा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. ८ जुलैला मराठी माणसांनी मोर्चा काढायचे ठरवले, पोलिसांनी परवानगी नाकारली, धरपकड झाली आणि तरीही लोक रस्त्यावर उतरले. पहिलीपासून हिंदी लादणारे शासन निर्णय सरकारने नुकतेच, २९ जूनला, मागे घेतले होते. त्यामुळे वातावरण तापलेलेच होते.

मोर्चाला आलेल्या सगळ्यांना गुंड ठरवणे हा शुद्ध आळस आहे. आपल्याच गावात आपल्याला कोणी ओळखेनासे व्हावे, हे दुःख खरे आहे. मीरा-भाईंदरची वस्ती २०११च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेली होती. इथल्या मूळच्या आगरी-कोळ्यांच्या बोलीला त्या गर्दीत किती जागा उरली? कॉफीच्या दुकानात शशीला जे वाटले, तेच आपल्या नाक्यावर मराठीत काही विचारून ‘हिंदी में बोलो’ ऐकणाऱ्या आजोबांना वाटत असते. पण थप्पड खाल्लेला दुकानदार उद्या मराठी बोललाच, तर ती भीतीची मराठी असेल. गिऱ्हाईक वळले की संपणारी.

हे मी बँकेतल्या नोकरीच्या अनुभवावरून सांगतो. बढतीनंतर माझी बदली मदुराईकडच्या एका शाखेत झाली. तमिळचे अक्षर येत नव्हते. पहिल्या आठवड्यात शाखेतल्या म्हाताऱ्या शिपायाने एक शब्द शिकवला, ‘कैयेळुत्तु’, म्हणजे सही. पैसे काढायच्या स्लिपवर बोट ठेवून मी तो शब्द उच्चारला की रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत आणि लगेच बरोबर उच्चार सांगत. तीन वर्षांत मी कामापुरते तमिळ शिकलो. शिकलो नसतो तर कोणी मारले नसते, पण कामही झाले नसते. पीकर्जाची फेड का थकली, हे शेतकरी दुभाष्याला सांगत नाही.

गरज आणि कोणीतरी सांभाळून घेणारे, या दोन गोष्टी असल्या की भाषा येते. आपल्याकडे मराठीची गरजच आपण शिल्लक ठेवलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे बँकेतले फलक तीन भाषांत लागतात, पण फलकाखाली उभा असलेला मराठी माणूस समोरच्याचे आडनाव बघून आधीच हिंदी सुरू करतो. नंतर कोणी मराठी बोलत नाही म्हणून हळहळतो, किंवा दुसऱ्या कोणाला तरी मोर्चा काढू देतो. समोरच्याच्या मोडक्यातोडक्या मराठीला हसणारेही आपणच. सिनेमातली ती मुलगी आपल्या घरात बसलेली असते.

मीरा-भाईंदर महापालिकेच्या मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू माध्यमांच्या शाळा आहेत. संध्याकाळी त्यांतली एखादी खोली रोज तासभर उघडायला फार खर्च येणार नाही. चार आठवड्यांची मुदत ठेवावी, आणि शिकवायला माझ्यासारखे निवृत्त लोक फुकट मिळतील. दुकानदारांच्या वर्गात व्याकरण नको, गौरवगीतही नको. पहिल्या दिवशी फक्त वजने घ्यावीत: पाव, अर्धा, सव्वा, दीड, पावणेदोन. हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्याला यातली बरीचशी आधीच येत असतात.