ओटा आपलाच आहे, बसा की!

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे रिकामे होतात. धुळीने माखलेलं घंगाळ, चेपलेली कळशी, काच फुटलेला कंदील, आजेसासूबाईंचं जातं असं सगळं खाली येतं आणि ‘कशाला हा पसारा?’ म्हणत भंगारवाल्याच्या काट्यावर चढतं. पितळ मोडीत जातं, लाकूड बंबात जातं, दगड कोपऱ्यावर टाकला जातो. गंमत अशी की, हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात गेलं की तसंच घंगाळ फुलांच्या पाकळ्या घालून दारात ठेवलेलं असतं, तसंच जातं हिरवळीवर मांडलेलं असतं आणि आपण त्याच्याशेजारी उभं राहून हौसेने फोटो काढून घेतो! मैत्रिणींनो, हॉटेलवाल्याला जे दारात मिरवावंसं वाटतं, ते आपल्याला आपल्याच दारात अडगळ का वाटावं?

आमच्याकडे ओटा म्हणतात, कोकणात पडवी आणि खळं, विदर्भात ओसरी. नाव काहीही असो, घराबाहेरची पण घराचीच अशी ही जागा. पुरुषांना पार असतो, कट्टा असतो, चहाची टपरी असते. तिथे तासभर बसलं तरी ‘काय काम काढलंत?’ असं कुणी विचारत नाही. बाई मात्र कुठे उगीच बसलेली दिसली की चार माना वळतात. ओट्यावर बसायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. धान्य निवडता निवडता, गोधडीला टाके घालता घालता मन मोकळं व्हायचं. बचत गटांच्या कामात मी अनेकदा पाहिलंय, घरात मार खाणारी बाई पोलीस चौकीची पायरी चढण्याआधी शेजारणीच्या ओट्यावर येऊन बसते. काही बोलत नाही, नुसती बसते. शेजारणीला मग कळतं.

आता तो ओटा कुठे आहे? कुठे मोटारसायकलसाठी फोडला, कुठे ग्रिल लावून खोलीत घेतला. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं ते गटारात निघालं. उरलेल्या जागेत चपलांचा ढीग आणि एक पाय तुटकी प्लॅस्टिकची खुर्ची! म्हणून अंगण-ओटा सजवण्याला मी रिकामपणाचा उद्योग म्हणत नाही. ती आपली बसायची जागा परत मिळवणं आहे.

आता त्या जुन्या वस्तूंबद्दल. माळ्यावरचं एखादं पितळी भांडं हातात घेऊन त्याची कड नीट बघा. नाव कोरलेलं असेल. लग्नात कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी कधी तारीखसुद्धा. आपल्या आज्या-पणज्यांच्या नावाने घर नव्हतं, जमीन नव्हती. कित्येकींचं नाव अक्षरात उमटलेलं असं या भांड्यांवरच सापडतं. भांडं मोडीत गेलं की ते नावही भट्टीत वितळतं. आणखी एक लक्षात ठेवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे हिंदू स्त्रीला भेट म्हणून किंवा स्त्रीधन म्हणून मिळालेली वस्तू तिच्या पूर्ण मालकीची असते. तेव्हा सासूबाईंची भांडी काढायची की ठेवायची, हे आधी सासूबाईंना विचारायला हवं. हे साधं विचारणंसुद्धा आपल्या घरांतून होत नाही.

अशा वस्तूंचं मोल ओळखणारा एक माणूस पुण्यात होऊन गेला. डॉ. दिनकर केळकर (१८९६-१९९०). आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीसाठी त्यांनी संग्रहालय उभं केलं. त्यात राजेरजवाड्यांच्याच वस्तू आहेत असं नाही. दिवे, अडकित्ते, भांडी, फण्या, पाय घासायच्या वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. चंदीगडला नेकचंद यांनी तर फुटक्या कपबश्या, फरश्यांचे तुकडे, काचेच्या बांगड्या अशा टाकाऊ मालातून रॉक गार्डन घडवलं, जे १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ते बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावरचे निरीक्षक होते, शिकलेले शिल्पकार नव्हते. म्हणजे हात आणि नजर असली की पुरे.

मग सुरुवात कशाने करायची? माझं म्हणणं, आधी बसायची सोय करा, शोभा नंतर. जुन्या दाराची जाड फळी असेल तर तिचं बाकडं सहज होतं. विटांचे पाच थर एकावर एक रचले की साधारण सव्वा फूट उंची होते, त्यावर दीड-दोन इंच जाडीची फळी ठेवली की गुडघे न दुखता बसता-उठता येतं. फळी पाच फुटी असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्ये असे तीन आधार द्या. विटा सिमेंटमध्ये बसवून घेतल्या तर पोरं चढली तरी हलणार नाहीत. लाकूड मातीला टेकू देऊ नका, वाळवी लागते. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले की पाणी लगेच मुरत नाही. मात्र तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, उन्हात पसरून वाळवा. झिजलेली बाज असेल तर नवी नवार आणून ती पुन्हा विणून घ्या. जुन्या सुती साड्यांच्या गोधडीची घडी त्यावर टाकली की झाली बैठक!

बसायला झालं की मग हौस. घंगाळात झाड लावायचं तर त्याला भोक पाडू नका. कुंडीच आत ठेवा. भांडंही शाबूत राहतं आणि झाडाचं पाणीही निघतं, फक्त तळाशी साचलेलं पाणी ओतून टाकत जा. उखळात उथळ पाणी ठेवलं तर चिमण्या, बुलबुल, साळुंख्या येतात. घर स्लॅबचं करताना उतरवलेली मंगलोरी कौलं फेकू नका. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि पुढे ही कौलं आपल्याकडे घराघरांवर चढली. तीच आता अर्धी जमिनीत गाडून उभी केली की वाफ्याची सुरेख कड होते. फरशीच्या दुकानात तुटके तुकडे स्वस्तात मिळतात, मागितले तर फुकटही देतात. गच्चीवर चायना मोझॅक करतात तसे ते सिमेंटमध्ये बसवले की ओट्याचा माथा रंगीत होतो. फिकट रंगाचे घेतले तर कमी तापतोही.

आता काही गोष्टी मी जरा दटावूनच सांगणार आहे. पहिली, साचलेलं पाणी. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. तेव्हा उखळ, घंगाळ, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायचीच. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असूनही महिनोन् महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही. दुसरी, जुना रंग. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. त्याआधीच्या दारा-खिडक्या, पाळणे, ट्रंका यांच्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिश पेपरने कोरडं घासलं की त्याची धूळ पोरांच्या पोटात जाते. असा रंग खरवडत बसू नका आणि पोपडे निघत असतील तर ती वस्तू मुलांच्या खेळण्याच्या जागी ठेवू नका. तिसरी, वजन. शंभर लिटरचा ड्रम पाण्याने भरला की शंभर किलो होतो. फ्लॅटच्या गॅलरीत जातं आणि मातीच्या कुंड्या कठड्याला रेटून मांडू नका. मोजकंच ठेवा आणि तेही भिंतीच्या बाजूला. चौथी, गावाबाहेर पडलेला वीरगळ किंवा भग्न मूर्ती ‘बागेत छान दिसेल’ म्हणून उचलून आणू नका. ती गावाची ठेव आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच्या अशा वस्तूंची खरेदी-विक्री बिनपरवाना करता येत नाही.

आणि विकायचंच झालं तर निदान डोळे उघडे ठेवून विका. शहरातून गाडी घेऊन येणारे व्यापारी दुपारच्या वेळी, बाई घरात एकटी असताना दार वाजवतात, हे मी पाहिलंय. कोरीव चौकट, जुना पेटारा, पितळी डबा सगळं ‘भंगारच आहे ताई’ म्हणून किलोवर मागतात. त्याच दिवशी उत्तर द्यायची सक्ती नाही. ‘घरात विचारून सांगते’ हे वाक्य आपण एरवी नको तिथे वापरतो, ते इथे जरूर वापरा. दोन ठिकाणी भाव काढा आणि पैसे जिची वस्तू तिच्या हातात द्या.

शेवटी एक महत्त्वाचं. सजावटीच्या नावाखाली आपल्या अंगावर नवं काम ओढवून घेऊ नका. बाहेरचं पितळ पावसाने काळवंडतं. ते रोज चिंच लावून लखलखीत ठेवायलाच हवं असा काही नेम नाही. सणाला घासा, एरवी राहू दे तसंच. विटा मुलांनी आणाव्यात, फळी नवऱ्याने उचलावी, कौलं मुलीने आणि मुलाने मिळून रंगवावीत. ओटा घरातल्या सगळ्यांचा, तर मेहनत एकटीची का?

या आठवड्यात माळ्यावरून एकच वस्तू खाली काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला तिच्याबद्दल विचारा आणि ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. वस्तू ओट्यावर मांडा. मग संध्याकाळी चहाचा कप घेऊन तिथे जाऊन बसा. सोबत निवडायची मेथी नको, विणकाम नको. शेजारीण जाता-येता दिसली तर तिलाही हाक मारा. ती म्हणेल, ‘काही काम होतं का?’ तिला सांगा, ‘नाही गं, ये नुसती बस.’