पितळी कड्याची कैफियत

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वर्सोवा पुलापासून शिरसाट फाट्यापर्यंत वाहनांचा जो तांडा दिवसाचे कित्येक तास मुंगीच्या पावलाने सरकत असतो, त्यात ट्रेलर आणि कारखान्यांच्या बसगाड्या यांच्या सापटीत अडकलेली एखादी ठेंगणी, रुंद टायरांची, गुरगुरणारी स्पोर्ट्स कार हल्ली अधूनमधून दृष्टीस पडते. वसई-विरारच्या पालटलेल्या सांपत्तिक स्थितीचे ते एक लक्षण आहे आणि त्याविषयी नाक मुरडण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही. कष्टाने मिळवलेला पैसा वेगावर उधळावा की सोन्यात घालावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु यांपैकी ज्या गाड्यांचा गिअर अद्यापि हाताने बदलावा लागतो, त्यांच्या मालकांच्या तोंडी एक तक्रार वारंवार येते, ती अशी की दुसऱ्या गिअरला खरखर होते, तिसरा पडता पडत नाही, आणि अधिकृत केंद्रात गाडी नेली असता उत्तर मिळते की सबंध गिअरबॉक्सच बदलावा लागेल.

ही कुरकुर केवळ आमच्या खाडीकाठची नव्हे. माझदाच्या एमएक्स-5 या जगद्विख्यात गाडीची चौथी पिढी 2015 साली बाजारात आली, तेव्हा तिच्या नव्या सहा गिअरांच्या बॉक्सविषयी इतक्या तक्रारी आल्या की कारखान्याला त्याच्या अंतर्रचनेत एकाहून अधिक वेळा फेरफार करावे लागले. फोर्डच्या मस्टँगला 2011 च्या सुमारास गेट्राग कंपनीचा एमटी-82 हा बॉक्स बसवण्यात आला, आणि अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा खात्याने त्याविषयी चौकशी मांडली. ती गाड्या परत बोलावण्याचा हुकूम न होताच मिटली, पण मालकांचे समाधान झाले नाही. पोर्शेसारख्या काटेकोर घराण्याच्या केमन जीटी4 मध्येही तिसऱ्या गिअराने दगा दिल्याचे प्रकार घडले आणि कंपनीला त्यापुरती हमीची मुदत वाढवून द्यावी लागली.

याचे कारण समजण्यासाठी त्या बॉक्सच्या पोटात किंचित डोकावणे अवश्य आहे. दोन निरनिराळ्या गतींनी फिरणारी चक्रे एकमेकांत गुंतवण्यापूर्वी त्यांची गती समान करावी लागते, आणि हे काम एक लहानसे कडे करते, ज्याला मेस्त्री सिंक्रो रिंग म्हणतात. ते बहुधा पितळेचे असते, अलीकडे त्याच्या अंगावर कार्बनचे अस्तरही चढवतात. गिअरच्या शंक्वाकार बाजूवर घासून ते त्याची गती आवरते आणि ती जुळेपर्यंत दांड्याला पुढे जाऊ देत नाही. कॅडिलॅकने 1928 साली ही सोय प्रथम आणली. त्यापूर्वी, आणि आपल्याकडच्या ट्रकांत व एसटीत तर त्यानंतरही दीर्घकाळ, चालकाला डबल क्लच मारून ही समता स्वतःच्या कानाने आणि पायाने साधावी लागे. ज्यांना ती विद्या अवगत होती त्या जुन्या चालकांच्या हातून गिअर कसा निमूटपणे पडत असे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगायला नको. आता ती सारी मेहनत कड्याच्या शिरावर आहे, आणि टर्बोच्या योगाने कमी फेऱ्यांतच प्रचंड जोर देणारे इंजिन, इंधन वाचावे म्हणून पातळ केलेले तेल, वजन घटावे म्हणून सडपातळ केलेले दंड आणि दणका मारून गिअर टाकण्याची तरुण मालकांची हौस, या चौघांचा भार त्याच्यावर एकाच वेळी पडतो.

आमच्या भागात त्यात स्थानिक भर पडते. चिंचोटी, सातिवली, पेल्हार असे करीत जाणाऱ्या वाटेवर तासन्‌तास हाफ क्लचवर गाडी रेटली की क्लच प्लेट जळते, क्लच पुरता सुटेनासा होतो, आणि सुटत नसलेल्या क्लचवर टाकलेला प्रत्येक गिअर त्या कड्यालाच खातो. पावसाळ्याची कथा निराळीच. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा दिवसेंदिवस पाण्याखाली होते. तापलेला बॉक्स पाण्यात बुडाला की थंड होताना श्वासनळीतून पाणी आत ओढून घेतो, तेल दुधासारखे होते, आणि मालकाला त्याची वार्ता दोनचार महिन्यांनी बेअरिंगच्या घरघरीतून लागते. बसक्या गाडीला हे अरिष्ट सर्वांच्या आधी गाठते.

तथापि झिजणे हा कड्याचा दोष नाही, तो त्याचा धर्म आहे. ब्रेकचे पॅड झिजतात म्हणून कोणी सबंध चाक बदलत नाही. माझा आक्षेप कड्यावर नसून कारखानदारावर आहे. जो भाग झिजण्यासाठीच घडवला तो सुटा विकायचा नाही, त्याचे माप आणि तो बसवण्याची रीत सांगणारे दस्तऐवज बाहेर पडू द्यायचे नाहीत, तेल आयुष्यभराचे आहे असे सांगून ते बदलण्याची आठवणही मालकाला राहू द्यायची नाही, आणि शेवटी अनेक लाखांचे अंदाजपत्रक त्याच्या हाती ठेवायचे, ही पद्धत दुरुस्तीची नव्हे, मक्तेदारीची आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांतून हजारो टर्नर-फिटर मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर पाहून भाग उतरवीत असतात. बॉक्स उतरवून, खोलून, कडे आणि बेअरिंग पालटून पुन्हा बसवणे हे अशा हातांच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. ते ज्ञानाअभावी नव्हे, सुट्या भागाअभावी अडते.

ऑटोमॅटिक घ्या म्हणजे कटकट मिटेल, असा सल्ला देणाऱ्यांना एवढेच सांगावे की फोक्सवॅगनच्या सात गिअरांच्या स्वयंचलित बॉक्सपायी 2013 साली चीनमध्ये पावणेचार लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या.

यापेक्षा बिकट अवस्था पोरक्या गाड्यांची आहे. रांजणगावच्या कारखान्यातून 2015 साली 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो बाहेर पडली; काही वर्षांतच फियाटने येथील मोटारविक्री आवरती घेतली. टाटांनी कोइम्बतूरच्या जयेमच्या भागीदारीत 2018 मध्ये टियागो आणि टिगोर यांच्या जेटीपी आवृत्त्या आणल्या, गिअरांचे प्रमाणही त्यांच्यासाठी निराळे ठेवले, आणि 2020 मध्ये ती भागीदारी संपली. अशा गाड्या पोटाच्या पोरासारख्या जपणारे लोक महाराष्ट्रात जागोजाग आहेत; ते जुन्या गाड्या मोडणाऱ्यांच्या वखारी धुंडाळीत असतात.

वस्तुतः सुट्या भागांच्या बाबतीत न्यायनिवाडा झालेला आहे. शमशेर कटारिया यांच्या 2011 सालच्या अर्जावरून सुरू झालेल्या चौकशीअंती भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यात एकट्या टाटा मोटर्सचा वाटा 1,346 कोटींचा होता. शिवाय आयोगाने, सुटे भाग व तपासणीची साधने खुल्या बाजारात उपलब्ध करा, बाहेरच्या मेस्त्रीचा हात लागला एवढ्यावरून हमी सरसकट रद्द करू नका, असेही बजावले. पुढे अपिली न्यायाधिकरणाने 2016 मध्ये फोर्ड, निसान आणि टोयोटा यांच्या दंडाचा हिशेब बराच खाली आणला, तरी मूळ निष्कर्ष उचलून धरला. केंद्र सरकारने 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे एक संकेतस्थळही सुरू केले आणि मोटारी त्याच्या कक्षेत घेतल्या. तेव्हा गिअरबॉक्समधील प्रत्येक कड्याचा, बेअरिंगचा आणि सीलचा क्रमांक व किंमत तेथे नोंदवून तो भाग वालीवच्या गाळ्यालाही अधिकृत केंद्राच्याच दराने देण्यास कोणती अडचण आहे, याचा लेखी खुलासा कारखानदारांकडून मागवावा, आणि जो तो देणार नाही त्याला या देशात सबंध बॉक्स बदलण्याचे अंदाजपत्रक देण्यास मनाई करावी.