रोलर घरपोच, डॉक्टर शंभर किलोमीटरवर: चेहऱ्यावर सुया टोचण्याआधी हे वाचा

फर्दापूरच्या टी-पॉइंटवरून अजिंठा लेणी चार किलोमीटर, जळगाव पन्नास-साठ आणि छत्रपती संभाजीनगर सुमारे शंभर किलोमीटर. चेहऱ्यावर मुरमांचे खड्डे पडले आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचे ठरवले, तर यांपैकी एका शहराची एसटी धरावी लागते. दिवस मोडतो, मजुरी बुडते. उलट ‘डर्मारोलर’ नावाचे सुयांचे छोटे यंत्र मोबाइलवर दोन-चारशे रुपयांत मागवता येते आणि ते घरपोच येते. लग्न ठरलेली मुलगी किंवा भरतीची तयारी करणारा मुलगा यांतली कोणती वाट धरेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

ही उपचारपद्धती खोटी नाही. मात्र ती डॉक्टरांच्या हातातली आहे, पार्सलमधली नाही. आणि गावातली मुले पार्सलकडे वळत असतील, तर दोष फक्त त्यांचा नाही.

नेमके होते काय?

या उपचाराला ‘मायक्रोनीडलिंग’ म्हणतात. चेहऱ्यावर बधिर करणारे मलम लावून, अगदी बारीक सुयांनी त्वचेला शेकडो सूक्ष्म छिद्रे पाडली जातात. त्वचेला वाटते, जखम झाली. मग ती दुरुस्तीला लागते आणि ‘कोलॅजन’ नावाचे प्रथिन नव्याने तयार करते. त्वचेचा घट्टपणा याच कोलॅजनमुळे असतो. खड्डा पडतो तिथे ते कमी झालेले असते, वय वाढते तसेही ते घटते. म्हणून मुरमांचे खड्डे आणि बारीक सुरकुत्या, दोन्हींसाठी हा उपचार करतात.

१९९७ मध्ये कॅनडातील कॅमिरान आणि डुसे या डॉक्टरांनी गोंदणाच्या यंत्रातली शाई काढून नुसती सुई व्रणांवर चालवल्याचे अनुभव मांडले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील डॉ. डेस्मंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर पुढे आणला. आपल्याकडे श्रीनगरचे डॉ. इम्रान मजीद यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार पूर्ण केलेल्या ३६ रुग्णांपैकी ३४ जणांचे व्रण एक-दोन श्रेणींनी सौम्य झाले. अभ्यास छोटा होता, पण तो भारतीय त्वचेवरचा होता. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काही लेझर उपचारांनंतर काळे डाग उमटण्याची भीती जास्त असते. सुयांच्या उपचारात ती तुलनेने कमी असते, पूर्ण जात नाही.

किती फरक पडतो?

रुंद, उथळ, लाटांसारख्या खड्ड्यांवर चांगला. टाचणी टोचल्यासारख्या खोल, अरुंद खड्ड्यांवर कमी. त्यांना वेगळे उपचार लागतात. साधारण तीन ते सहा बैठका, दोन बैठकांमध्ये चार ते सहा आठवडे आणि प्रत्येक बैठकीला काही हजार रुपये. खरा फरक दिसायला काही महिने जातात. खड्डे उथळ होतात, पुसले जात नाहीत. सुरकुत्या थोड्या सौम्य होतात, वय मागे जात नाही. ‘एका बैठकीत चेहरा कोरा’ असे कोणी सांगत असेल, तर तिथून उठावे.

घरचा रोलर का नको?

साधा हिशेब आहे. पाव ते अर्धा मिलिमीटरच्या सुया खड्ड्याच्या तळापर्यंत पोहोचत नाहीत. दीड मिलिमीटरच्या सुया पोहोचतात, पण त्या रक्त काढतात आणि घरी त्यांचे निर्जंतुकीकरण होत नाही. गरम पाणी किंवा डेटॉल पुरेसे नाही. पिकलेल्या मुरमावरून रोलर फिरवला, तर त्यातले जंतू आपण आपल्याच हाताने गालभर पेरतो. एकाच रोलरवर दोन बहिणींनी काम भागवले, तर काविळीचे बी आणि सी विषाणू, एचआयव्ही यांचा धोका येतो.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये रक्तातील घटक लावून सुयांचे फेशियल केले जात होते. २०१८ मध्ये तिथल्या तीन महिलांना या उपचारातूनच एचआयव्हीची लागण झाली, असा निष्कर्ष तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये मांडला. तपासणीत नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, खाद्यपदार्थांशेजारी सापडल्या होत्या.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणखी एक इशारा दिला. सुयांमधून उष्णता देणाऱ्या ‘रेडिओफ्रिक्वेन्सी’ यंत्रांमुळे भाजणे, व्रण पडणे, चेहऱ्याची चरबी झडणे, नसांना इजा होणे अशा तक्रारी आल्या आहेत. हा वैद्यकीय उपचार आहे, घरी करू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

आधी मुरूम, मग खड्डे

मुरूम चालू असताना सुया लावत नाहीत. आधी ते शांत करावे लागतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अडापॅलिन यांसारखी मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-तीन महिने नियमित वापरली, तर बहुतेकांना फरक पडतो. ही औषधे फार महाग नाहीत. वेळेवर उपचार झाले, तर पुष्कळ खड्डे पडतच नाहीत.

नेमके इथेच आपल्याकडे चुकते. मैत्रिणीने सांगितले म्हणून मेडिकलमधून गोरेपणाचे मलम आणले जाते. त्यात अनेकदा स्टिरॉइड असते. चार दिवसांत चेहरा उजळतो, काही महिन्यांनी त्वचा पातळ व लाल होते आणि मुरूम उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे ठरवले. नियम आहे, पण चिठ्ठी मागणारे दुकानदार किती, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

फर्दापूरकरांना याचे उदाहरण शेजारीच आहे. १९२० नंतर निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्या काळी चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा-तपकिरी पडला आणि तो काढण्याचे जिकिरीचे काम पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षे करावे लागले. ते तर जाणकारांनी केलेले काम होते. चेहऱ्याला काहीही फासताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

जाण्याआधी हे विचारा

– उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे का? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणी पाहता येते.
– सुयांचे नवे, सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते का?
– माझे खड्डे कोणत्या प्रकारचे आहेत? किती बैठका, एकूण खर्च किती?
– जखमेवर जाड गाठ वाढण्याची सवय, तोंडावरची नागीण, रक्त पातळ करण्याची किंवा मुरमांच्या गोळ्या, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधीच सांगा.
– नंतर ऊन किती दिवस टाळायचे? कापूस वेचणीच्या दिवसांत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सुया टोचलेल्या चेहऱ्यावर ऊन पडले, तर खड्डा जाऊन काळा डाग पदरी पडतो.

मागणी छोटी आहे

मुरूम हा ‘नटण्यामुरडण्याचा’ विषय समजून घरात टाळला जातो. पण त्यापायी कॉलेजला जायचे टाळणारी, फोटोत मागे उभी राहणारी मुले-मुली प्रत्येक गावात आहेत. सोयगाव किंवा सिल्लोडच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसावा. संभाजीनगरची घाटी आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही या पट्ट्याच्या दोन बाजूंना आहेत. पहिल्या सल्ल्यासाठी सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवाही मोबाइलवर आहे. आशाताईंनी ती वापरायला शिकवली, तरी अनेकांची फेरी वाचेल.

तोवर एवढेच करा: रोलर कार्टमध्ये असेल तर काढून टाका आणि तेच दोन-चारशे रुपये एसटीच्या तिकिटाला ठेवा.