तबकडीचा कस

धुळ्याचे आमचे मेहुणे गाण्याचे शौकीन. गाण्याहूनही यंत्राचे अधिक. गेल्या भाऊबिजेला ते जळगावी आले ते नवा प्लेअर आणि ‘सुपर ऑडिओ’ची तबकडी बगलेत मारूनच. फराळाला बसतात न बसतात तोच म्हणाले, “दाजी, तुमच्या साध्या सीडीत गाण्याचा नुसता सांगाडा असतो. जीव आहे तो हिच्यात!”

आता साधी सीडी म्हणजे काय? १९८२ साली ती बाजारात आली. तिच्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने टिपलेले असतात, त्यामुळे २० हजार आवर्तनांपर्यंतचा स्वर तीत सुखाने मावतो. त्यावरचे तरण्याताठ्या कानालाही ऐकू येत नाही, मग आम्हां साठी उलटलेल्यांची गोष्टच सोडा! १९९९ची सुपर ऑडिओ याच्या कितीतरी पुढे धावते. पण ऐकणारा कान तोच.

मेहुण्यांच्या तबकडीत एक थर साध्या सीडीचाही होता. तेव्हा परीक्षा ठरली. आमच्या सौभाग्यवती पडद्याआड बसून नाणे उडवीत आणि कौलाप्रमाणे थर लावीत. वीस खेपांत मेहुण्यांनी अकरा बरोबर ओळखले. “पंखा बंद करा,” म्हणाले. पंखा बंद केला, तर नऊ!

त्यांनी खट्टू व्हायचे कारण नव्हते. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी हाच खेळ शिस्तीने मांडला होता. २००७ साली त्यांनी निकाल छापला, तो ५५४ खेपांत २७६ बरोबर असा, म्हणजे छापा-काटाच. पुढे २०१६ साली राइस यांनी अठरा प्रयोगांची एकत्र बेरीज केली, ती शेकडा ५२.३ भरली. काही भेद असलाच तर एवढासा. मात्र मेयर-मोरान हेही सांगतात, की या महागड्या तबकड्या पुष्कळदा खरोखरच गोड वाजतात, कारण त्या तयार करणारा माणूस जपून काम करतो. साध्या सीडीचे गाणे मोटारीच्या गोंगाटातही ऐकू यावे म्हणून हळू-मोठे सगळे एका पातळीला ठोकून बसवतात. दोष तबकडीचा नव्हे, ठोकणाऱ्याचा.

हे चालले असताना मेहुण्यांनी खिशातून पेनड्राईव्ह काढला. सासूबाईंची, अहिराणीत जात्यावरची गाणी म्हटलेली जुनी कॅसेट त्यांनी एका दुकानातून ९६ हजार नमुन्यांत उतरवून आणली होती. वास्तविक कॅसेटची स्वतःचीच खरखर एवढी, की साध्या सीडीतही ती मावून जागा उरावी. पण दुकानदाराने वर ती ‘शुद्ध’ही करून दिली होती!

आम्ही ऐकले. आवाज काचेसारखा स्वच्छ. जात्याची घरघर नाही, बांगड्या नाहीत, दोन ओळींमधला श्वासही नाही.

सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दादा, मूळ कॅसेट कुठं आहे?”

“धुळ्याला. कपाटात.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने दोघे बहीणभाऊ पारोळ्यावरून धुळ्याला गेले. नवा प्लेअर आमच्याकडेच राहिला.